एसेंडन : बडा घर, पोकळ वासा

मेलबर्नमध्ये एक हिशेब कुणी न सांगता ठेवला जातो. ४ सप्टेंबर २००४ला किती दिवस झाले, एवढाच तो हिशेब. त्या दिवशी एसेंडन फुटबॉल क्लबने बाद फेरीत मेलबर्न क्लबला पाच गुणांनी हरवलं. त्यानंतर बाद फेरीतला एकही सामना एसेंडनला जिंकता आलेला नाही. २०२३च्या नोव्हेंबरात दिवसांचा आकडा सात हजारांवर गेला. आम्ही एसेंडनवाले तो विसरू पाहतो. कार्लटन आणि कॉलिंगवूड या प्रतिस्पर्धी क्लबांचे लोक विसरू देत नाहीत. त्या दिवशी जन्मालाही न आलेली पोरं आज मतदान करतात. त्यातली काही तर एसेंडनचीच लाल-काळी, बिनबाह्यांची जर्सी घालून मैदानात उतरतात आणि हरतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अजिंक्य रहाणेने डिसेंबर २०२०मध्ये ज्या एमसीजीवर शतक ठोकलं, त्याच मैदानावर हिवाळ्यात हा फुटबॉल चालतो. १८५९मध्ये मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांनीच त्याचे पहिले नियम लिहिले, म्हणून मैदानही क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूचे अठरा खेळाडू, चेंडूही लंबगोल. तो लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसा मारून सोबत्याकडे द्यायचा. टोकाला चार खांब असतात. मधल्या दोघांमधून चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. ऑफसाइड नाही, हेल्मेट नाही, दम खायला उसंत नाही. एएफएल या लीगमध्ये अठरा क्लब आहेत, त्यातले नऊ एकट्या मेलबर्नचे. २०२५पर्यंत गुणतक्त्यातले पहिले आठ सप्टेंबरात बाद फेरी खेळत. विजेतेपदाला इथे कुणी विजेतेपद म्हणत नाही, 'फ्लॅग' म्हणतात.

नव्याने आलेल्या माणसाला ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारतात, कुठल्या टीमचा? शहराच्या उत्तर-पश्चिमेला घर घेतलेल्या पुष्कळ भारतीय कुटुंबांचं उत्तर शेजाऱ्यांनी ठरवलेलं असतं. जवळचा क्लब एसेंडन. विमानतळाच्या सान्निध्यामुळे त्याचं टोपणनाव बॉम्बर्स. क्लबचं जुनं घर विंडी हिलला होतं, २०१३पासून सगळा कारभार टलामरीनच्या मोठ्या सराव केंद्रात. शेजारी पोराच्या गळ्यात लाल-काळा मफलर घालतो आणि पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागतो.

एसेंडन काही लहानसहान क्लब नाही, आणि माझ्या मते दुखण्याचं मूळ नेमकं तिथेच आहे. त्याच्या नावावर सोळा फ्लॅग आहेत. याहून जास्त कुणाकडेच नाहीत, बरोबरीला फक्त कार्लटन आणि कॉलिंगवूड. केव्हिन शीडी १९८१पासून २००७पर्यंत सलग प्रशिक्षक होता आणि त्याच्या हाताखाली चार फ्लॅग आले. शेवटचा २०००चा. त्या वर्षी कर्णधार जेम्स हर्डच्या संघाने अख्ख्या हंगामात एकच सामना गमावला. अँझॅक दिनाला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, कॉलिंगवूडविरुद्ध होणारा सामना १९९५मध्ये सुरू झाला, त्यामागे शीडीचंच डोकं होतं. तो पहिला सामना बरोबरीत सुटला, पाहायला ९४,८२५ माणसं. त्याच सामन्यात एसेंडनच्या मायकेल लाँग या आदिवासी खेळाडूला वंशावरून शिवीगाळ झाली. तो गप्प बसला नाही, आणि लीगला वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. या देशाच्या खेळाच्या इतिहासात एसेंडनचं नाव पुसता येण्यासारखं नाही. आम्ही ते रोज सांगतो, कारण सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

२००४नंतर बाद फेरीत सहा वेळा पोचलो. २००९ला ॲडलेडकडून ९६ गुणांनी हरलो. २०११ला कार्लटनकडून ६२ने. २०१७ला सिडनीकडून ६५ने, २०१९ला वेस्ट कोस्टकडून ५५ने, २०२१ला वेस्टर्न बुलडॉग्जकडून ४९ने. मधला २०१४चा पराभव तेवढा बारा गुणांचा, पण तो सर्वांत जास्त झोंबला. नॉर्थ मेलबर्नविरुद्ध मोठी आघाडी हातात होती आणि ती डोळ्यांदेखत वितळली.

आता कुणी म्हणेल, खेळ आहे, हरतात माणसं. पण या लीगमध्ये वीस वर्षं हरत राहणं सोपं नाही. त्यासाठी व्यवस्थेच्या विरुद्ध कष्ट घ्यावे लागतात. युरोपातल्या फुटबॉलसारखं इथे पैसेवाल्याचं राज्य नाही. प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावर मर्यादा असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या मुलांची निवड दरवर्षी ड्राफ्टमध्ये होते आणि तळाला राहिलेल्या क्लबला पहिली पसंती मिळते. म्हणजे जो बुडतो त्यालाच दोर. बुलडॉग्ज १९५४नंतर २०१६ला जिंकले, रिचमंड १९८०नंतर २०१७ला, मेलबर्न १९६४नंतर २०२१ला. ब्रिस्बेन २०१७मध्ये अगदी शेवटी, अठरावं होतं. २०२४ आणि २०२५, दोन्ही फ्लॅग त्याचे. ओळीने सगळ्यांची पाळी येते आहे, आणि आम्ही रांगेत उभे राहायलाच तयार नाही.

कारण रांगेत उभं राहायचं तर आधी तळाला जावं लागतं, तळाला गेलोय हे मान्य करावं लागतं. एसेंडनच्या कारभाऱ्यांना ते कधीच मान्य झालं नाही. एवढा मोठा क्लब, आपण एका खेळाडूने मागे आहोत, एका प्रशिक्षकाने मागे आहोत, असाच त्यांचा समज. म्हणून २०१७च्या शेवटी दुसऱ्या क्लबांतून तीन तयार खेळाडू आणले, आणि २०१८च्या शेवटी डिलन शील नावाच्या एका खेळाडूसाठी पहिल्या फेरीतल्या दोन निवडी देऊन टाकल्या. म्हणजे उद्याची दोन पोरं विकून आजचा एक माणूस. याने संघ आठवा येतो, फार तर सातवा. बाद फेरीत मार खातो, वर ड्राफ्टमध्ये चांगली निवडही मिळत नाही. तुमच्यात सर्वांत वाईट व्हायची हिंमत नाही आणि सर्वांत चांगलं व्हायचा धीर नाही, असं एका जुन्या रिचमंडवाल्याने मला ऐकवलं होतं. राग आला, पण खोडून काढता आलं नाही.

याच उतावीळपणातून सर्वांत मोठी नामुष्की ओढवली. २०१०च्या शेवटी प्रशिक्षक मॅथ्यू नाइट्सला करार बाकी असताना काढलं आणि लाडक्या हर्डला प्रशिक्षक केलं. प्रमुख प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. २०१२च्या हंगामासाठी स्टीफन डँक या क्रीडा-शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली खेळाडूंना इंजेक्शनं देण्याचा कार्यक्रम सुरू झाला, झटपट ताकद वाढवण्यासाठी. कुणाला नेमकं काय टोचलं याच्या धड नोंदी नव्हत्या. फेब्रुवारी २०१३मध्ये क्लबने स्वतःच चौकशीची मागणी केली. ऑगस्टमध्ये लीगने वीस लाख डॉलर दंड केला, क्लबला त्या वर्षीच्या बाद फेरीतून हाकललं, हर्डला वर्षभर निलंबित केलं. मार्च २०१५मध्ये लीगच्या लवादाने खेळाडूंना निर्दोष ठरवलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जानेवारी २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो निकाल फिरवला: आजी-माजी चौतीस खेळाडू दोषी. २०१६चा अख्खा हंगाम त्यांच्याविना. इकडून तिकडून माणसं गोळा करून संघ उभा केला, तीन सामने जिंकले, अठरावे आलो.

त्या चौतीसांत कर्णधार जोब वॉटसन होता. २०१२चं ब्राउनलो पदक, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याने परत केलं. ते ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल यांना विभागून देण्यात आलं. मिचेल हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. मोठ्यांनी काय करून ठेवलं याची किंमत पोरांनी मोजली, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. टोचून घ्या असं क्लबच सांगत असेल तर वीस वर्षांच्या मुलाने कुणाला विचारायचं?

एवढं झाल्यावर तरी धीर शिकायचा. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. २०२१मध्ये प्रशिक्षक बेन रटनने संघ बाद फेरीत नेला. २०२२ला पंधरावा आला. ऑगस्टमध्ये अध्यक्ष बदलला, आणि नव्या अध्यक्षाने रटन खुर्चीत असतानाच ॲलिस्टर क्लार्कसन या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या मागे धाव घेतली. क्लार्कसन गेला नॉर्थ मेलबर्नकडे. मग रटनलाही काढलं, करार अर्थातच बाकी होता. नवा प्रशिक्षक शोधताना पुन्हा एकदा हर्डचं नाव मुलाखतीपर्यंत पोचलं. शेवटी ब्रॅड स्कॉट आला. नव्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तर नेमणुकीच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. तो ज्या चर्चचा पदाधिकारी होता त्याच्या भूमिकांवरून गदारोळ झाला होता. एका दिवसात उमेदवाराची माहिती वर्तमानपत्रांना मिळते, ती क्लबला मिळू नये?

याच्या उलट रिचमंडचं बघा. २०१६मध्ये ते तेरावे आले. प्रशिक्षक डेमियन हार्डविकला काढा म्हणून ओरड झाली, संचालक मंडळाला आव्हान द्यायला गट उभा राहिला. क्लबने शांतपणे कारभार तपासला आणि प्रशिक्षक ठेवला. पुढच्याच वर्षी फ्लॅग, मग २०१९ आणि २०२०. ब्रिस्बेननेही २०१७ला शेवटी येऊनही प्रशिक्षक क्रिस फेगनला हलवलं नाही. जो डॅनिहर हा एसेंडनचा खेळाडू २०२०मध्ये ब्रिस्बेनला निघून गेला. २०२४चा फ्लॅग जिंकून निवृत्त झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काय करणार, आपलंच पोर.

स्कॉटच्या काळात नवीन काय झालं? २०२३ला अकरावे. २०२४मध्ये निम्म्या हंगामापर्यंत आठ विजय, दोन पराभव, एक बरोबरी. बायकोने सप्टेंबरातली तिकिटं बघायला सांगितली होती. हंगाम संपला तेव्हा पुन्हा अकरावे. २०२५मध्ये पहिल्या दहांपैकी सहा जिंकले आणि मग शेवटचे तेरा सलग हरले. आता लीगने जाहीर केलंय की २०२६पासून दहाव्या क्रमांकापर्यंतच्या संघांना सप्टेंबराचं दार उघडं. दहाव्या! आम्ही दोनदा आलो ते अकरावे, म्हणजे या दारातूनही एका क्रमांकाने बाहेरच.

त्या तेरा पराभवांनंतर कर्णधार झॅक मेरेटने हॉथॉर्नला जायचं म्हटलं. बारा हंगाम इथे काढलेला, गेल्या दशकातला आमचा सर्वोत्तम माणूस. हॉथॉर्नच्या प्रशिक्षकाच्या घरी तो भेटायला गेल्याची बातमी फुटली. तो प्रशिक्षक म्हणजे सॅम मिचेल. करार २०२७पर्यंत असल्याने एसेंडनने सोडायला नकार दिला आणि खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत टळून गेली. बरेच पाठीराखे मेरेटवर चिडले. मी नाही. ज्याने एवढी वर्षं बाद फेरीतला एक विजय पाहिला नाही, त्याला कंटाळा यायचा हक्क आहे. मला राग येतो तो त्याला धरून ठेवण्याच्या हिशेबाचा. त्याच्या बदल्यात निवडी घेऊन तीन-चार पोरं आणता आली असती. पण मग तळाला आहोत हे कागदावर मान्य करावं लागलं असतं.

दोष एकट्या कारभाऱ्यांचा नाही. आमच्या क्लबचे ऐंशी हजारांहून अधिक सभासद आहेत. पंधरावे आलो तरी आम्ही पैसे भरतो, अँझॅक दिनाला एमसीजी भरतो, आणि २०००ची आठवण काढतो. हर्डचं नाव पुन्हा पुन्हा पुढे येतं ते संचालकांच्या डोक्यातून नव्हे, गॅलरीतून. प्रशिक्षकाला काढा हा घोष आम्हीच करतो आणि सहा महिन्यांनी नव्याविरुद्धही आम्हीच करतो. ज्या दुकानाचं गिऱ्हाईक कधी तुटत नाही, त्याचा मालक माल कशाला सुधारेल?

म्हणून माझं मागणं साधं आहे. नेट कॅडी आहे, इराकी-असीरियन कुटुंबातला आयझॅक काको आहे, २०२५च्या ड्राफ्टमध्ये आलेली पोरं आहेत. यांना हरू द्या. दोन वर्षं, तीन वर्षं, सतरावे-अठरावे येऊ द्या. तिशीचा कुणी दुसऱ्या क्लबातून आणू नका, आणि प्रशिक्षक कोण असेल तो असो, त्याचा करार पुरा होऊ द्या. आणि इथे मेलबर्नात लाल-काळा मफलर घातलेल्या मराठी मंडळींना एकच सांगणं: हा क्लब कुणा शेठजीचा नाही, बरेच संचालक सभासदांच्या मतांनी निवडून येतात. वर्गणी तुम्ही भरालच. निवडणुकीचा ई-मेल आला की मतही द्या.