निसरड्या धक्क्यावर एक चाक का फिरते?

वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट २००३ सालापासून गाड्या घेऊन जा-ये करते. गणपतीचे दिवस आहेत, पाऊस रिपरिप पडतोय आणि ओहोटी लागली आहे, असे समजा. एक भरलेली जीप बोटीतून धक्क्याच्या उतारावर आली. तिचे डावे मागचे चाक शेवाळावर गेले आणि गरगर फिरू लागले. उजवे चाक कोरड्या दगडावर आहे, पण ते जागचे हलत नाही. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि चार माणसे गाडीला मागून रेटा द्यायला धावताहेत. त्यांच्या पाठीशी खाडी आहे! म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळणावर एक चाक घासत जाईल. यावर फ्रान्समधल्या पेकर नावाच्या कारागिराने १८२७ च्या सुमारास दातेरी चक्रांची युक्ती काढली. तिलाच आपण डिफरेन्शियल म्हणतो. जीपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात ही चक्रे असतात. ती चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतात. खरी गोम इथेच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात दाखवता येते. हातभर लांबीची काठी घ्या. तिच्या दोन टोकांना एकेक दोरी आणि मधोमध तिसरी दोरी बांधा. टोकाच्या दोऱ्या दोन मुलांच्या हाती द्या आणि मधली तुम्ही ओढा. एका मुलाने दोरी सैल धरली की ती त्याच्या हातून सुटत जाते, काठी तिरपी होते, आणि दुसऱ्याने कितीही घट्ट धरले तरी त्याला ओढ जाणवत नाही. सैल हात म्हणजे शेवाळावरचे चाक.

आता आकडे घेऊ. चढ चढायला १०० भाग जोर लागतो. शेवाळावरचे डावे चाक फार तर २० भाग पेलते. मग उजव्यालाही २०च मिळतात. बेरीज ४०. गाडी जागच्या जागी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल. यात दोन चाकांच्या गतीत फार फरक पडू नये म्हणून आतच घर्षण ठेवलेले असते. आता काठी दोरीने न ओढता मधोमध मुठीत आवळून ओढा. काठी सहज तिरपी होत नाही, आणि घट्ट धरणाऱ्या मुलाला ओढ जाणवते. याच्या एका प्रकारात घट्ट चाकाला सैल चाकाच्या, समजा, तिप्पट जोर मिळतो. २० च्या तिप्पट ६०, बेरीज ८०. अजून २० कमीच! आणि डावे चाक अधांतरी असेल तर शून्याची तिप्पटही शून्यच.

दुसरा उपाय ट्रॅक्शन कंट्रोल. आपल्याकडे नव्या मोटारींत २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत. त्यासाठी प्रत्येक चाकाची गती मोजली जाते. ज्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असते, तिथे त्याच मोजणीवरून कोणते चाक घसरतेय हे कळते आणि गाडी आपणहून त्या एकट्या चाकाला ब्रेक लावते. आपल्या प्रयोगात तिसऱ्या मुलाने येऊन सुटणारी दोरी पकडावी, तसे. पण साध्या डिफरेन्शियलमध्ये उजव्या चाकाला ८० हवेत तर डावीकडेही ८० झाले पाहिजेत. शेवाळ २० देते, उरलेले ६० ब्रेकने द्यायचे. गाडी चढते, पण ब्रेक तापतो. फार तापला तर यंत्रणा काही वेळ कामच थांबवते.

दोन्ही उपाय एकत्र असले तर? उजवीकडे ८० हवेत, तर डावीकडे त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे २७ पुरतात. शेवाळाचे २०, ब्रेकचे फक्त ७. साठाच्या जागी सात! एकाने थोडा अटकाव करायचा, दुसऱ्याने तो तिप्पट करून पलीकडे पोचवायचा. म्हणून ड्रायव्हरने अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवावा. पाय काढून घेतला तर वाटायला जोरच उरत नाही.

मात्र दोन्ही चाके शेवाळावर असली, तर २० आणि २० मिळून ४०च. कोणतीही यंत्रणा जमिनीची पकड वाढवू शकत नाही. असलेली पकड नीट वापरते, एवढेच. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोरही कमी करते. समुद्राच्या पुळणीत गाडी रुतली असेल तर हा अडथळा ठरतो, आणि बटण असेल तर ते तेवढ्यापुरते बंद करणे बरे. शेवाळावर मात्र बंद करून लाभ नाही. उलट लिमिटेड स्लिपच्या गाडीत दोन्ही चाके एकदम फिरू लागली की मागची बाजू उताराकडे सरकते. साध्या गाडीत न फिरणारे चाक निदान तिला धरून ठेवते.

तेव्हा मंडळी, धक्क्यावर गाडी घसरू लागली तर आधी थांबा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगडांची उटी लावा, माणसे उतरवून बाजूला करा. गाडीच्या मागे, खाडीच्या अंगाला कुणीही उभे राहू नये. चाकापुढचे शेवाळ खरवडून खडी किंवा वाळू टाका आणि मग सावकाश चढा. जोर इंजिनाचा असतो, पण पकड जमिनीची असते. ती जमीन साफ ठेवणे हे आपल्याच हातचे काम आहे.