घरातला वाटाड्या

जुन्या काळी पुण्या-नाशिकाकडील एखाद्या मोठ्या वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडे राहत असत. वाड्याचा घरक्रमांक मात्र एकच असे. पोस्टमन दिंडीदरवाजाशी टपालाचा गठ्ठा देऊन जाई आणि ओसरीवर बसलेले कोणी जाणते गृहस्थ 'हे माडीवरच्या बिऱ्हाडाचे, हे मागच्या चौकातल्यांचे' अशी त्याची वाटणी करीत. बाहेरच्या जगाला वाड्याचा दरवाजा तेवढा ठाऊक. माडी कोठे आणि चौक कोठे, हे त्या गृहस्थांनाच माहीत. असाच एक जाणता गृहस्थ आज पुष्कळ घरांत लहानशा पेटीच्या रूपाने बसलेला असतो. घरातील संगणक, फोन, छपाईचे यंत्र हीच त्याची बिऱ्हाडे. त्या पेटीला राउटर म्हणतात. राउटर म्हणजे वाट दाखवणारा. आपल्या भाषेत वाटाड्या.

या वाटाड्याचे पूर्वज मोठे धिप्पाड होते. १९६९ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असे पहिले यंत्र बसवले, ते उभ्या कपाटाएवढे असून त्याचे वजन सुमारे ४०० किलो होते. त्या वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द एकेक अक्षर करून धाडावयास आरंभ केला. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला आणि काम तडीस गेले.

मी ज्याविषयी सांगणार आहे तो वाटाड्या मात्र तळहातावर मावतो. लाटव्हिया देशाची राजधानी रीगा येथील मायक्रोटिक ही संस्था तो तयार करते. त्याचे नाव हेक्स. लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, रुंदी ९ सेंटिमीटर. त्याच्या एका बाजूस तारा खोचण्यासाठी पाच चौकोनी घरे आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात. बिनतारी लहरी सोडण्याची सोय या पेटीत नाही. जे काही येते-जाते ते तारेतून.

आजच्या काळात तार कशाला, असे तुम्ही विचाराल. आमचे घर जुने, दगडी भिंतींचे आहे. बिनतारी लहरी अशा जाड भिंतींतून जाताना क्षीण होतात. माझ्या पुतणीची अभ्यासाची खोली माडीवर. पडद्यावर तिचे गुरुजी गणित समजावून सांगू लागले, की नेमके उत्तर येण्याच्या सुमारास त्यांचे चित्र तोंड उघडे ठेवून स्तब्ध होई. तारेला भिंतीचे भय नाही. भोक पाडून ती एकदा पलीकडे नेली, की तिच्यातून सेकंदाला शंभर कोटी बिटा, म्हणजे शून्य वा एक अशा शंभर कोटी खुणा, जाऊ शकतात. ती शंभर मीटरपर्यंत लांब असली तरी चालते.

ही तार पाहण्यासारखी असते. तिच्या वेष्टनाच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांतील दोन-दोन एकमेकींभोवती पीळ देऊन गुंफलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नव्हे. शेजारून विजेची तार गेली असेल, तर तिचा उपद्रव या तारांना पोहोचतो. परंतु पिळामुळे तो जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि पलीकडचे यंत्र तर दोहोंमधील फरकच वाचते. मग सारखा असलेला उपद्रव वजाबाकीत नाहीसा होतो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्राहम बेल याने ही युक्ती १८८१ सालीच योजली होती.

आता पत्त्यांकडे वळू. आंतरजालावरील प्रत्येक यंत्रास आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात आणि जगात माणसेच आठशे कोटींच्या घरात आहेत! २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठेही वाटले गेले. अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धत आता वापरात आली आहे, तथापि जुनी अद्याप गेलेली नाही. ती टिकून आहे ती वाड्याच्या युक्तीमुळे. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते लाखो घरांत एकाच वेळी असतात, कारण ते उंबऱ्याबाहेर जातच नाहीत. बाहेर दिसतो तो वाटाड्याचा एकच पत्ता.

पेटी आणली त्या दिवशी तिची माहितीपुस्तिका मी वाचली आणि पुतणीला कागदावर लिहून दिले, की आपल्या संगणकाला १९२.१६८.८८ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. हा पत्ता वाटाड्या स्वतःच वाटतो. आपण मागावयासही नको. मग मी मोठ्या ऐटीत तारा खोचल्या, वीज सुरू केली, दिवे लुकलुकले आणि पुढे काहीच घडले नाही. तारा काढल्या, झटकल्या, पुन्हा खोचल्या. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी पुतणीची परीक्षा होती, तीही संगणकावरून द्यावयाची, त्यामुळे तिचा चेहरा उतरला होता. अखेर तीच कागद हाती घेऊन पडद्याकडे पाहत म्हणाली, "काका, तुम्ही १९२ लिहिले आहे, पण येथे तर १६९.२५४ दिसते आहे."

त्या आकड्यांतच उत्तर होते. पत्ता मागूनही कोणी उत्तर दिले नाही, म्हणजे संगणक नाइलाजाने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता धारण करतो. याचा अर्थ, आमच्या संगणकाची हाक वाटाड्याच्या दाराशी पोहोचूनही आत घेतली जात नव्हती. पाच घरांपैकी पहिले घर बाहेरच्या जगाकडील तारेसाठी असते आणि उरलेली चार घरातील यंत्रांसाठी. मी बाहेरून येणारी तार दुसऱ्या घरात आणि संगणकाची पहिल्या घरात खोचली होती! दिंडीदरवाजाबाहेर उभे राहून घरचा मनुष्य हाका मारीत होता आणि वाटाड्या त्याला परका समजत होता. तारांची अदलाबदल केली आणि क्षणात १९२.१६८.८८ हे आकडे उमटले.

परंतु काम तेथे संपले नाही. मी न्याहाळकात १९२.१६८.८८.१ हा वाटाड्याचा स्वतःचा पत्ता लिहिला (तो इंग्रजी अंकांत लिहावा लागतो), तेव्हा त्याची खोली उघडली. आत जाण्यासाठी नाव आणि परवलीचा शब्द लागतो. तो पेटीवरील चिठ्ठीत छापलेला होता. पहिल्या प्रथम आम्ही तो बदलला, मग वाटाड्याच्या आतील आज्ञावलीची नवी आवृत्ती उतरवून घेतली. बाहेरची सेवा पुरवणारे काही ठिकाणी आणखी एक नाव व शब्द देतात, तेही येथेच भरावे लागतात. आमच्याकडे त्याची गरज पडली नाही.

परवलीचा शब्द बदलण्याची एवढी घाई कशाला? पूर्वी पुष्कळ कारखाने आपल्या साऱ्या पेट्यांना एकच शब्द घालून देत. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. मिराई म्हणजे जपानी भाषेत भविष्यकाळ. त्याच्याजवळ अशा कारखानी नावांच्या व शब्दांच्या सुमारे साठ जोड्यांची यादी होती. घरोघरचे राउटर आणि पहाऱ्याचे कॅमेरे यांची दारे तो एकेक जोडी लावून पाही, आणि जे उघडे त्याला आपला चाकर करून टाकी. त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अशा असंख्य चाकरांनी एकदम गर्दी करून अमेरिकेतील संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून देणारी एक सेवा गुदमरून टाकली. ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे काही तास तेथील पुष्कळ लोकांना उघडेनात. आपली पेटी त्या गर्दीत सामील आहे, हे ज्यांच्या घरी ती होती त्यांच्या गावीही नव्हते. मिराई रचणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनी २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

पुतणीने मग विचारले, "बाहेरून शंभर जण येतील, त्यांतले आपण बोलावलेले कोण, हे याला कसे कळते?" वाटाड्या एक टिपणवही ठेवतो. माडीवरच्या संगणकाने बाहेर काही मागितले, की कोणी, कोणाकडे आणि कोणत्या क्रमांकाने मागितले, याची तो नोंद करतो. उत्तर आले, की नोंद पाहून ते योग्य खोलीत पोहोचवतो. ज्याची नोंद वहीत नाही, असा आगंतुक दाराशी आला तर आमच्या पेटीतील मूळ आज्ञांप्रमाणे त्याला आत घेतले जात नाही. पहिल्या घरात तार खोचलेला माझा संगणक असाच आगंतुक ठरला होता.

वीज गेली, म्हणजे ही वही कोरी होते. परवलीचा शब्द आणि आज्ञा मात्र वाटाड्याच्या कायमच्या स्मृतीत राहतात. त्यामुळे वीज परत आल्यावर थोडा वेळ थांबावे लागते. तो जागा होतो, बाहेरून आपला पत्ता मागून घेतो आणि नवी वही उघडतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्याकडे नेमकी वीज गेली. ती आल्यावर पुतणी पेटीसमोर उकिडवी बसून दिवे मोजीत राहिली, आणि पहिल्या घराचा दिवा लुकलुकताच धावत माडीवर गेली.