टेन्शन, चवीपुरतं!

‘टेन्शन-फ्री लाइफ’चं स्वप्न आपण सगळेच बघतो. मी ते सहा महिने जगून पाहिलं, आणि शेवटी एका डेडलाइननेच मला वाचवलं!

दोन वर्षांपूर्वी मी एका न्यूज चॅनेलमधली नोकरी सोडली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. कारणच तसं होतं. रात्री दोनला फोन, जेवणाच्या वेळेचा पत्ता नाही, पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. सुट्टीच्या दिवशीही रिंगटोन वाजली की छातीत धस्स व्हायचं. ‘आता फ्रीलान्सिंग करणार, निवांत लिहिणार’ असं जाहीर करून मी डोंबिवलीला घरी परतले.

पहिला महिना म्हणजे निव्वळ स्वर्ग! दुसऱ्या महिन्यात एका संपादिकेने मस्त विषय दिला. वर म्हणाल्या, ‘घाई नाही गं, जमेल तेव्हा दे.’ ते ‘जमेल तेव्हा’ अडीच महिने काही जमलं नाही. रोज लॅपटॉप उघडायचा, पहिला पॅरेग्राफ वाचायचा, एक शब्द बदलायचा आणि चहा टाकायला उठायचं. शेवटी तो विषय दुसऱ्या कुणाला तरी गेला. बँकेतली शिल्लक घसरत होतीच. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला खरंच लिहिता येतं का, अशी शंका मनात घर करायला लागली.

मग एका मंगळवारी संध्याकाळी फोन आला. ‘एक पान रिकामं पडलंय. उद्या सकाळी अकरापर्यंत आठशे शब्द देशील?’ पोटात गोळा आला, हात गार पडले. तोंडातून मात्र ‘हो’ निघून गेलं. रात्री दीड वाजता लेख पूर्ण झाला आणि कित्येक महिन्यांत आली नव्हती इतकी गाढ झोप लागली. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. टेन्शन मला तिथेही होतं आणि इथेही. मग एकाने माझी झोप का उडवली आणि दुसऱ्याने ती परत का दिली?

उंदरांना विचारा!

हा प्रश्न जुनाच आहे. १९०८ साली अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा हलका झटका. पेट्यांमधला फरक ओळखायला अवघड होता, तेव्हा सगळ्यात लवकर कोण शिकलं? मध्यम झटका बसलेले उंदीर. झटका फार सौम्य असला किंवा फार जोरदार असला, तरी गाडी रखडायची. आपल्या आमटीतल्या मिठासारखंच. नसेल तर बेचव, जास्त पडलं तर खारट.

‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकशास्त्रात रुजवणारे हान्स सेल्ये यांनीही पुढे याचे दोन भाग केले. त्रास देणारा तो ‘डिस्ट्रेस’ आणि उभारी देणारा तो ‘युस्ट्रेस’. ग्रीक भाषेत ‘यु’ म्हणजे चांगला.

शरीरात नेमकं होतं काय?

प्रेझेंटेशनला उभं राहायच्या आधी छाती धडधडते ना? त्या वेळी मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडत असतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात साखर येते, लक्ष एका जागी येतं. म्हणजे शरीर घाबरून पळत नसतं, तयारी करत असतं!

२०१३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनिएला कॉफर, एलिझाबेथ कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना काही तासांपुरता ताण दिला. त्यांच्या मेंदूत, स्मरणशक्तीशी संबंध असलेल्या भागात, नव्या पेशी तयार व्हायला लागल्या. दोन दिवसांनी त्यांच्या स्मरणशक्तीत काही फरक दिसला नाही, पण दोन आठवड्यांनी त्यांची कामगिरी सुधारली होती. आणि ताण आठवडेच्या आठवडे चालू राहिला तर? अशा लांबलेल्या ताणाने नव्या पेशींची निर्मिती उलट मंदावते, हे आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. त्या मंगळवारच्या टेन्शनला शेवट होता, बुधवारी सकाळी अकरा वाजता. चॅनेलमधल्या टेन्शनला तो कधीच नव्हता. एक बातमी संपायच्या आत दुसरी सुरू. कॉर्टिसॉल खाली यायला फुरसतच नाही. मग झोप, पचन, ब्लडप्रेशर असं सगळंच बिघडत जातं.

‘शांत हो’ म्हणू नका

आता तुमच्या कामाची गोष्ट. २०१४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषणाला उभं राहण्याआधी काही जणांना म्हणायला लावलं, ‘मी शांत आहे’. बाकीच्यांना, ‘मी एक्सायटेड आहे’. दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. धडधड तीच, फक्त नाव बदललं! धडधडणाऱ्या छातीला गप्प बसवणं कठीण. तिला कामाला लावणं त्यापेक्षा सोपं.

आणि हो, हा लेख बॉसला दाखवू नका! ‘बघ, टेन्शन चांगलं असतं’ म्हणून तो टार्गेट वाढवून मोकळा व्हायचा. दर महिन्याला पुढे सरकणाऱ्या टार्गेटला शेवट नसतो. ते चवीपुरतं मीठ नाही, ते अख्खं मिठागर आहे.

एवढं करून बघा

* कामाला तारीख आणि वेळ लावा. नुसतं ‘या आठवड्यात’ नको, ‘गुरुवारी चारपर्यंत’ म्हणा.
* डेडलाइन संपली की खरंच थांबा. फिरून या, गप्पा मारा, नीट झोपा. पुढचं काम लगेच उघडू नका.
* महिन्यातून एकदा तरी थोडी भीती वाटेल असं काम स्वतःहून मागून घ्या.
* दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, भूक गेली असेल, चिडचिड थांबत नसेल, तर हा ‘चांगला’ ताण नव्हे. सरळ डॉक्टरांकडे जा.

मी आता प्रत्येक संपादकाला आधी विचारते, ‘तारीख कुठली?’ ‘जमेल तेव्हा’ म्हणालेच, तर मीच एक तारीख सांगून टाकते. आज हा लेख लिहितानाही आई दोनदा खोलीत डोकावून गेली. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवलं नाही. ‘काय गं, टेन्शन आहे का?’

म्हटलं, ‘आहे ना. पाच वाजेपर्यंत!’