हृदयाचा लगाम : व्हेगस मज्जातंतू आणि बिघडलेली लय

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी बेडकाच्या व्हेगस मज्जातंतूला विजेची सौम्य उत्तेजना दिली की त्याचे हृदय मंदावे, क्षणभर थांबेही. १८४५ साली वेबर बंधूंनी दाखविलेलाच हा परिणाम. तेव्हापासून व्हेगस म्हणजे हृदयाचा लगाम, एवढेच मनात ठसले होते. परंतु हाच लगाम जोराने ओढला गेला तर हृदय उधळते, हे मला पुढे उमगले.

गोरखीजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक रात्री जेवणानंतर छातीत फडफड होते म्हणून माझ्याकडे आले. ‘‘डॉक्टरसाहेब, वायूच असेल हो,’’ असे त्यांचे निदान होते. सकाळी नाडी अगदी नियमित असे. एका रात्री झटका चालू असतानाच आलेख काढला, तेव्हा कर्णिकांचे कंपन, अर्थात एट्रियल फिब्रिलेशन, स्पष्ट दिसले.

हे घडते कसे? व्हेगसच्या टोकांतून रसायन स्रवते, हे ओटो लोवी यांनी १९२१ साली सिद्ध केले. ते म्हणजे अॅसिटिलकोलीन. सायनस नोडवर ते ठोके मंद करते. कर्णिकांच्या स्नायूंत मात्र ते पोटॅशियमच्या वाहिन्या उघडते. त्यामुळे पेशींचा विद्युत आवेग लवकर संपतो व त्यांचा विश्रांतिकाल घटतो. व्हेगसचे तंतू सर्वत्र सारखे पसरलेले नसल्याने काही भाग लवकर सावरतो, काही उशिरा. अशा वेळी एखादा अवेळी ठोका आला, तर त्याची लहर मोकळ्या वाटेने गरगर फिरत राहते. अशा अनेक लहरींतून कंपन टिकते, ही कल्पना मो यांनी १९५९ साली मांडली. कुत्र्यांवरील प्रयोगांत व्हेगस उत्तेजित करून एखादा जादा ठोका दिला की कंपन सुरू होते. उत्तेजना थांबविली की बहुधा तेही शमते. अॅट्रोपीन दिल्यास हा परिणाम टळतो.

लहरींना फिरण्यास जागाही हवी. घोड्याच्या कर्णिका विशाल आणि व्हेगसचा प्रभावही प्रबळ. म्हणूनच हृदयरोग नसलेल्या घोड्यालाही हा विकार जडतो. टांग्यांच्या टापा ऐकत वाढलेल्या आम्हा ग्वाल्हेरकरांना याची कल्पना कोठून असणार!

याचा अर्थ व्हेगसची प्रत्येक उत्तेजना घातक, असा मात्र नव्हे. प्राण्यांमध्ये अत्यंत सौम्य उत्तेजनेने हेच कंपन आवरल्याचेही आढळले आहे. अपस्मारासाठी व्हेगसला उत्तेजना देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. त्यामुळे हृदयाची लय बिघडणे विरळाच. परिणाम उत्तेजनेच्या मात्रेवर व हृदयाच्या स्थितीवर अवलंबून असतो.

सहव्यावसायिकांना एक विनंती. झोपेत वा जेवणानंतर येणाऱ्या धडधडीचा इतिहास आवर्जून विचारावा. अशा रुग्णांत डिजॉक्सिन वा बीटा-ब्लॉकरने झटके कधी वाढतातही. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णय मात्र त्रासाच्या तीव्रतेवर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांसारख्या बाबींवर घ्यावा.

आणि समाजबांधवांनो, फडफड झाली तर वायू म्हणून ओवा खाऊन झोपू नका. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहा. ती अनियमित लागली, तर झटका चालू असतानाच डॉक्टरांना गाठा आणि आलेख काढवून घ्या. त्या शिक्षकांनी सकाळची वाट पाहिली असती, तर निदान पुन्हा हुकले असते.