जखम भरून आल्यावर

सन १८६५ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांच्यावर नऊ दिवसांच्या अंतरानें दोन घोर प्रसंग गुदरले. त्यांचें वय त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांचें होतें. ५ तारखेस वॉशिंग्टनमध्यें त्यांच्या गाडीचे घोडे उधळले. ते रस्त्यावर आदळले, हात मोडला आणि जबड्याचें हाड भंगलें. १४ तारखेच्या रात्रीं अध्यक्ष लिंकन यांच्यावर नाटकगृहांत गोळी झाडली गेली, त्याच सुमारास त्या कटांतील दुसरा मारेकरी सेवर्ड यांच्या निजावयाच्या खोलींत शिरला व त्यानें सुऱ्यानें त्यांचा गाल चिरला. सेवर्ड वांचले. थॉमस गनिंग या दंतवैद्यानें कठीण रबराचा सांचा तोंडांत बसवून मोडका जबडा स्थिर केला. तथापि चेहऱ्यावरील व्रण जन्मभर राहिला.

ही हकीकत इतिहासांत लिंकन यांच्या वधाच्या छायेंत झांकून गेली आहे. आम्हांस मात्र तिचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा वाटतो. त्याच वर्षीं जूनमध्यें सेवर्ड यांची पत्नी वारली. पुढील वर्षीं तरुण कन्या गेली. इतकें होऊनही ते आपल्या कचेरींत परतले. १८६७ सालीं रशियाकडून अलास्का ७२ लक्ष डॉलरांस खरेदी करण्याचा करार त्यांनीं केला. १८६९ पर्यंत अधिकारपद सांभाळलें आणि नंतर सत्तरीच्या उंबरठ्यावर जगप्रवासास निघून हिंदुस्थानही पाहिला. हीं सर्व वर्षें त्यांनीं तो व्रण घेऊन लोकांतच घालविलीं. यांत त्यांच्या धैर्याची थोरवी आहेच. परंतु त्यांना काम होतें, भोवतीं माणसें होतीं आणि मंत्रिमंडळांतील त्यांची जागा त्यांच्यासाठीं राखलेली होती, हेंही विसरूं नये.

आपल्या घरांतील वृद्धांच्या चेहऱ्यास इजा होते ती बहुधा न्हाणीघरांतील ओल्या फरशीवर, अंधाऱ्या जिन्यांत किंवा दुमडलेल्या सतरंजींत पाय अडकून. तोल गेल्यावर हात पुढें करण्याची चपळाई उतारवयांत राहत नाहीं. म्हणून आघात थेट नाकावर, गालफडावर किंवा हनुवटीवर बसतो. दांत पडून गेलेल्या जबड्याचें हाड कालांतरानें झिजून बारीक होतें. तें थोड्या आघातानेंही मोडूं शकतें. रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालू असेल तर डोक्याच्या आंतील रक्तस्राव कांहीं काळानेंही प्रकट होऊं शकतो. यास्तव जखम किरकोळ दिसली तरी रुग्णालयांत नेण्यांत हयगय करूं नये. कवळी तुटली असली तरी तिचे तुकडे बरोबर न्यावे. जबडा पूर्ववत् जुळवितांना शस्त्रवैद्यास त्यांचा उपयोग होऊं शकतो.

एवढी दक्षता बहुतेक सुशिक्षित कुटुंबें घेतात. आमचें सांगणें आहे तें टांके काढल्यानंतरच्या दिवसांविषयीं. डोळ्याखालून जाणाऱ्या मज्जातंतूस धक्का लागला असेल तर गाल व वरचा ओंठ कित्येक महिने बधिर राहूं शकतो. मग आमटी ओघळली तरी कळत नाहीं. डोळ्याच्या खोबणीचें हाड मोडलें असल्यास एका वस्तूच्या दोन दिसूं शकतात आणि जिना उतरण्याची भीति वाटूं लागते. जुनी कवळी बसेनाशी होते, पोळी चावत नाहीं, शब्द अस्पष्ट उमटतात. घरचीं माणसें मात्र खपली पडलेली पाहून म्हणतात, "आतां बरें झालें!" आजीही हंसून म्हणते, "या वयांत मला रूप घेऊन काय करायचें आहे?" हें उत्तर ऐकून सर्वांचें समाधान होतें, आणि तेथेंच चूक होते.

थोड्याच दिवसांत आजी म्हणूं लागते, "माझें पान मागाहून वाढा." मग कीर्तनास जाणें सुटतें, पाहुणे आले कीं तिचा डोळा लागलेला असतो, लग्नाचें बोलावणें आलें कीं पाय दुखूं लागतात. घरांतील मंडळी यास वैराग्य समजतात. आमच्या मतें तो पुष्कळदां निव्वळ संकोच असतो. जिनें आयुष्यभर पंक्तीस वाढलें, तिला आपल्या हनुवटीवरचा आमटीचा थेंब नातसुनेच्या दृष्टीस पडावा हें सोसत नाहीं. आजोबांची गोष्ट निराळी नाहीं. एकट्यानें जेवणारें माणूस कमी जेवतें. कमी जेवल्यानें अशक्तता येते, आणि अशक्त माणूस पुन्हां पडतें.

यावरील उपाय फारसे खर्चाचे नाहींत. चारचौघांत "बरें आहे ना?" असें न विचारतां एकांतीं जवळ बसून "जेवतांना काय अडतें?" असें विचारावें. कवळी नवी करवून घ्यावी. दृष्टींत फरक पडला असल्यास नेत्रवैद्यास दाखवावें. भात थोडा मऊ शिजला व भाजी थोडी बारीक चिरली तर घरांतील कोणाचेंच बिघडत नाहीं. प्रत्येकाच्या पानाजवळ हातरुमाल ठेवला म्हणजे तिचा एकटीचा रुमाल डोळ्यांत भरत नाहीं. आरसा तिला न विचारतां काढून नेऊं नये. मुलांना घडलेली गोष्ट साधेपणानें सांगावी, म्हणजे तीं टक लावून पाहत नाहींत व दूरही पळत नाहींत. न्हाणीघरांत धरावयास दांडी व जिन्यांत दिवा हीं तर आजच बसवावीं.

आणि "माझें पान मागाहून वाढा" असें ती म्हणाली, तर "बरें" म्हणून निघून जाऊं नये. तिचा पाट नेहमींच्या जागीं मांडावा, आणि ती येऊन बसेपर्यंत इतरांचें वाढणें थांबवावें.