फ्लॅटला एक फेज, इमारतीला तीन

अवसरी खुर्दच्या शिवारात ‘थ्री फेज आली का?’ हा रोजच्या बोलण्यातला प्रश्न. विहिरीवरची मोटर तीन फेजवर चालते, घरातले दिवे-पंखे एका फेजवर. त्यातून ‘थ्री फेज म्हणजे जोरदार वीज’ असा समज रुळला आहे. फ्लॅट घेतानाही तो सोबत येतो आणि गरज नसताना तीन फेजचा मीटर मागितला जातो.

वास्तविक रोहित्रातून इमारतीकडे चार तारा येतात : तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट दाब असतो, तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. घरातला पंखा, फ्रिज, टीव्ही २३० व्होल्टवरच चालतो. तीन फेज घेतली म्हणून तो जास्त जोराने चालत नाही. गिझर, एसी, मिक्सर असा ५ किलोवॅटचा भार एकाच वेळी चालला, तरी प्रवाह साधारण २२ अँपिअर होतो. त्याला एक फेज पुरते. दोन-तीन एसी आणि मोटारीचा चार्जर एकत्र चालणार असेल, तर मात्र तीन फेजचा विचार करावा. तिचा स्थिर आकार जास्त असतो, हेही लक्षात ठेवावे.

इमारतीचे गणित वेगळे आहे. लिफ्ट आणि पाण्याचा मोठा पंप यांना तीन फेज सोयीची. ती मोटर कपॅसिटरशिवाय सुरू होते आणि एकसारख्या जोराने फिरते. फ्लॅट १२ असतील, तर प्रत्येक फेजवर चार-चार वाटून द्यायचे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल, तर त्यांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. वाटणी बिघडली, की उरलेला प्रवाह न्यूट्रलमधून वाहतो आणि तार तापते.

खरा धोका ही न्यूट्रलची तार सैल होण्याचा किंवा तुटण्याचा. समजा, एका फेजवर २,००० वॅटचा गिझर चालू आहे, दुसऱ्या फेजवर शेजाऱ्याकडे १०० वॅटचा टीव्ही, आणि इमारतीत दुसरे काहीच चालू नाही. मुख्य न्यूट्रल तुटली, तर ही दोन उपकरणे ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. टीव्हीच्या वाट्याला ३८० व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रत्यक्षात इतर भारांनुसार आकडा बदलेल, पण उपकरण जळायला आणि आग लागायला एवढे पुरेसे आहे.

गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच वीज तोडणारे आरसीसीबी विजेच्या धक्क्यापासून जीव वाचवते. ते प्रत्येक घरात हवेच. पण वाढलेला दाब ते ओळखत नाही. त्यासाठी जादा दाब येताच पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण लागते.

म्हणून ताबा घेताना सोसायटीने परवानाधारक वायरमनकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणता फ्लॅट कोणत्या फेजवर आहे, न्यूट्रलचे जोड घट्ट आहेत का आणि तिच्यावर कुठेही फ्यूज नाही ना, अर्थिंगची मोजणी किती आली. दिवे एका घरात अचानक प्रखर आणि दुसऱ्यात मंद झाले, तर उपकरणे एकेक करून तपासत बसू नये. मुख्य स्विच लगेच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.