कोकराचे पोट कसे घडते?

मेंढीला चार पोटे असतात, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. परंतु नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या चार पोटांपैकी कामाचे असते ते चौथेच. कोकरू लुचू लागले की अन्ननलिकेच्या शेवटची पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या पोटाला, म्हणजे कोटीपोटाला, वगळून पुढे जाते. कोटीपोट तेव्हा लहानशी पिशवी असते. मोठ्या मेंढीत मात्र तीच पोटाची जवळजवळ सारी डावी बाजू व्यापते, आणि तिच्या अस्तरावर दाट लव असते. हा पालट कोण घडवून आणतो?

दोनतीन आठवड्यांचे कोकरू गवताची काडी, दाणा तोंडात धरू लागते. कोटीपोटातील सूक्ष्मजंतू तो चारा आंबवतात. त्यातून मुख्यतः तीन अम्ले निघतात: शिरक्यातले अ‍ॅसेटिक, दुसरे प्रोपिऑनिक आणि खवट लोण्याच्या वासाचे ब्युटिरिक. यांनाच बाष्पशील मेदाम्ले म्हणतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शिरतात, हे केंब्रिजच्या बारक्रॉफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मेंढ्यांवर दाखविले. मेंढीला लागणाऱ्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग ही अम्लेच पुरवितात.

पण ती केवळ अन्न नव्हेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५०नंतरच्या दशकात वासरांच्या कोटीपोटात प्लास्टिकचे स्पंज ठेवून पाहिले. पिशवी फुगली, लव वाढली नाही. उलट ब्युटिरिक व प्रोपिऑनिक अम्लांचे क्षार घातले, तेव्हा लव वाढली. कोकराचीही रीत हीच. ज्या भिंतीने ती शोषायची, ती भिंत ही अम्लेच घडवितात!

आता वाढीच्या संप्रेरकांकडे वळू. मेंढीच्या शिरेत ही अम्ले सोडली तर इन्सुलिन वाढते, पण वृद्धिसंप्रेरकाचा स्राव मंदावतो. हे ऐकून आम्हीही प्रथम चकित झालो होतो. परंतु उपाशी मेंढीच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक भरपूर असूनही ती वाढत नाही, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. नुसत्या संप्रेरकाने वाढ होत नसते. त्याच्या हुकुमाला यकृताने ओ द्यावी लागते, आणि त्यासाठी पोटात अन्न असावे लागते.

म्हणूनच दुधाच्या लोभाने कोकराला आईपासून अकाली तोडणे घातक ठरते. त्याचे कोटीपोट तयार नसेल, तर पुढ्यात हिरवा चारा असूनही ते खंगते. दूध चालू असतानाच थोडा दाणा, थोडे कोवळे गवत त्याच्यापुढे ठेवावे, आणि ते पुरेसे खाऊ लागले म्हणजे मगच दूध तोडावे.